मागे चालणारा

कारखान्यात गॅस सुटला, तेव्हा बाबांनी स्वतःचा मास्क उतरवून सहकाऱ्याच्या तोंडावर चढवला आणि त्याला ओढत दारापर्यंत नेलं. जेवणाआधी बाबांनी प्रार्थनेला डोळे मिटले की ‘झोपलं बघा देवाचं कोकरू!’ म्हणून सगळ्यांना हसवणारा हाच तो माणूस. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो बाबांच्या पलंगापाशी मान खाली घालून उभा होता. “माझ्यासारख्यासाठी जिवावर उदार झालास? वेडा आहेस का?” नाकातली नळी सावरत बाबा थांबत थांबत म्हणाले, “रोज म्हणायचो, येशूच्या मागे चालतो. काल खरंच चालायची वेळ आली, एवढंच.” तो ढसाढसा रडला. आईनं त्याला स्टुलावर बसवून पाणी दिलं. बाबांची फुप्फुसं निम्मी निकामी झाली, कारखाना कायमचा सुटला. नव्या नर्सनं बाबांकडे बोट करून आईला विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?” “बायको,” आई ताठ मानेनं म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.