ऐन सहीच्या वेळी

“काका, सहा लाख कमी करावे लागतील,” औषधवाला म्हणाला. आणि म्हणायला त्यानं वेळ कोणती निवडावी? नोंदणी कचेरीच्या बाकावर घर विकणारा शिंपी, त्याची बायको आणि घर घेणारा हा औषधवाला असे तिघं बसलेले, कागद टाइप होऊन तयार, आतून पंचेचाळीस नंबर पुकारला गेलेला आणि यांचा सत्तेचाळीस. दोन महिन्यांपूर्वी घराची किंमत ठरली तेव्हा हाच माणूस दोन कप चहा पिऊन, हातात हात घेऊन गेला होता. तेव्हा या सहा लाखांचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

शिंप्याच्या डोक्यात तिडीक गेली. भिंतीला ओल आहे म्हणे. बाजार पडलाय म्हणे. ओल काय काल राहायला आली? दोन महिन्यांपूर्वीही ती तिथेच होती, आणि यानं हात लावून पाहिली होती. खरं कारण वेगळंच होतं. सकाळी औषधवाल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की खालचं दुकान रिकामं झालंय, दोन्ही मशीनं आणि कटिंगचं टेबल टेम्पोत चढलंय. असा माणूस आता माघारी कुठे जाणार, हा त्याचा हिशेब. आकडा बदलायला वेळ लागत नाही, टायपिस्ट कोपऱ्यात बसलाच आहे, असंही त्यानं वर सांगून टाकलं.

हिशेब चुकीचा नव्हता, हेच तर दुखणं. बत्तीस वर्षं खाली दुकान आणि वर संसार, मध्ये चौदा पायऱ्यांचा उभा जिना. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या गुडघ्यांनी संप पुकारला. उतरताना ती कठडा धरून हुश्श करत उतरायची आणि चढताना त्याला मागून रेटा द्यावा लागायचा. डॉक्टरनं निक्षून सांगितलं, जिना बंद. म्हणून घर विकायचं आणि मुलीच्या गावी तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, असं ठरलं. त्या दोन खोल्यांत दुकानाला जागा नव्हती. पासष्टाव्या वर्षी नव्या गावात आपल्याकडे माप द्यायला कोण येणार, हा प्रश्न शिंप्यानं कुणाला विचारलाच नव्हता. कात्री सुटली तर सुटली, हिचे पाय राहिले पाहिजेत.

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती सकाळपासून गप्प होती. चहा घेतला नव्हता, टेम्पोवाल्याशी बोलली नव्हती, आणि आता तर तिचा चेहरा पार उतरलेला दिसत होता. व्यवहार फिसकटतोय की काय, या धास्तीनं बिचारीचं अवसान गेलंय, असं त्याला वाटलं. त्यानं मोठा श्वास घेतला. सहा लाख गेले तरी त्या दोन खोल्या येणार होत्या, फक्त हातात काही उरणार नव्हतं. चालेल. “बरं, काढा नवा कागद,” असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं त्याचं मनगट धरलं.

“ठरलेल्या किमतीला घर घेताय की नाही, तेवढं सांगा,” ती औषधवाल्याला म्हणाली.

औषधवाला हसला. बाजार कसा पडलाय, बँक कशी अडवतेय, तरी काका-काकूंकडे बघून आपण कसं ताणून धरलंय, हे त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे नाही.”

“नाही, काकू.”

“नक्की?”

“नक्की.”

आतून शेहेचाळीस नंबर पुकारला गेला. ती उठली. कुणाचा हात न धरता उठली. कागदांची घडी घालून तिनं पिशवीत कोंबली आणि बयाणा उद्या दुकानात येऊन घेऊन जा, असं सांगून चालायला लागली. कुठल्या दुकानात, हे शिंप्याला कळेना. तो तिच्या मागे धावला. औषधवाल्याला वाटलं, म्हातारी घासाघीस करतेय, येईल परत. तो दोन मिनिटं पाय हलवत बसला आणि मग जो सुटला तो फाटकापाशी तीन लाखांवर आला आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर पूर्ण किमतीवर. काकू, ठरलंय तेच देतो, आत चला, आपला नंबर लागलाय, असं तो धापा टाकत म्हणत होता. व्यवहार तुम्ही मोडलात, एवढंच ती म्हणाली आणि तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

औषधवाला हात चोळत परत गेला. शिंप्याचा आवाज आता चांगलाच चढला होता. पूर्ण पैसे देत होता तो, तुझ्या गुडघ्यांचं काय, आता पुन्हा तोच जिना, असं तो भर रस्त्यात तिला सुनावत होता. ती मात्र हसत होती. असा आनंद त्यानं तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. पहाटे तिनं रिकामं दुकान झाडलं होतं. बत्तीस वर्षांत तिथली फरशी तिला कधी धड दिसलीच नव्हती, तागे, मशीनं आणि गिऱ्हाइकं यांच्याखाली गेलेली. मागे नळ आहे, तिथे ओटा होईल. खिडकीजवळ कॉट बसेल. पायरी म्हणून एकही नाही. “टेम्पो अजून दारातच उभा आहे, मशीनं वर न्या. तुमचे गुडघे ठणठणीत आहेत,” ती म्हणाली. “आणि ज्याला कपडे शिवायचेत तो चढेल की जिना.”

दुकान खाली आणि घर वर, हे जणू सरकारनंच लिहून दिलं होतं. इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात ही साधी गोष्ट आली नव्हती. शिंप्याला हसावं की स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यावा ते कळेना. त्यानं दोन्ही केलं.

“मग पहाटेच का नाही बोललीस?”

“आपण शब्द दिला होता ना त्याला,” ती म्हणाली. “तो त्यानंच मोडावा म्हणून सकाळपासून देव पाण्यात घालून बसले होते मी.”