लंगड्यासाठी मागणं

देव सोडून दुसऱ्या कुणाचे चमत्कार आईला खपत नाहीत. माझ्या ड्रॅगनच्या कादंबऱ्या ती उघडूनही बघत नाही. जेवणाच्या टेबलावर माझी छापील पानं राहिली, की चिमटीत धरून खोलीत आणून टाकते आणि म्हणते, "घे तुझी भुतावळ."

काल चौथ्या भागाचा शेवट लिहिला. त्यात म्हातारा लंगडा ड्रॅगन मरतो. पानं टेबलावरच विसरले. आज सकाळी तिनं ती आणून माझ्यासमोर नीट रचून ठेवली.

थोड्या वेळानं शेजारच्या खोलीतून तिची प्रार्थना ऐकू आली.

"देवा, यांचा गुडघा बरा कर. धाकटीला नोकरी लागू दे. आणि त्या लंगड्याला जगव. पोरांना पाठीवर घेऊन एवढी नदी ओलांडली रे त्यानं."

मागणं देवाकडे होतं आणि पेन माझ्या हातात. मी शेवटचं पान पुढे ओढलं. मग लक्षात आलं, जाताना तिनं माझं दार उघडंच ठेवलं होतं. आणि आई जन्मभर प्रार्थना मनातल्या मनातच करत आली आहे.