साखरेच्या डब्यातला शोध

देशभरातल्या मुंग्यांचा नकाशा करायला डोंगरदऱ्या पालथ्या घालून आलेल्या जावयाला कुठेच नोंद नसलेली मुंगी सापडली, ती सासूबाईंच्या साखरेच्या डब्यात.

"आई, नकाशात आपल्या घराचं नाव येणार!" तो हरखला.

"माझ्या स्वयंपाकघरात मुंग्या आहेत, हे देशभर सांगत सुटणार? खबरदार! शेजारणीचं घर लिहा. तिच्याकडे काहीही सापडू शकतं."

सासूबाईंच्याच घरात जेवायचं होतं. जावयाने मुकाट्याने शेजारणीचं घर लिहिलं.

मुंगीला शेजारणीचं नाव मिळालं. शेजारणीचा सत्कार झाला, पेपरात फोटोही आला.

तेव्हापासून सासूबाई साखरेचा डबा उघडाच ठेवतात आणि रोज सकाळी विचारतात, "जावईबापू, बघा बरं, कोणी नवीन आलंय का?"