दहापैकी दहा

"उचलेगिरी!" श्रीनिवास सरांनी स्पृहाची वही टेबलावर आपटली. "वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं, घडलेलंच लिहायचं, हा माझा नियम. आणि आपण सहा वर्षांपूर्वीचं शिळं वाक्य आणता होय? शून्य!"

वर्ग खिदळला. स्पृहा खाली बघत राहिली.

इंग्रजीचा गृहपाठ होता, 'टर्न अ ब्लाइंड आय' वाक्यात वापरा. म्हणजे दिसत असून कानाडोळा करणं. वाघोलीतल्या त्या क्लासमधल्या बाकीच्यांनी सिग्नल तोडणारे आणि ट्रॅफिकवाले मामा लिहिले होते. स्पृहाने लिहिलं होतं, 'काका जे करतात त्याकडे घरातले सगळे कानाडोळा करतात.' हुबेहूब सहा वर्षांपूर्वी याच क्लासला असलेल्या पूर्णिमाचं वाक्य! सर ते दर वर्षी नमुना म्हणून फळ्यावर लिहीत. यंदा लिहायचं राहिलं होतं. कुणाच्या तरी जुन्या वहीतून ढापलं असणार, दुसरं काय?

ते वाक्य लिहिताना मात्र सरांचा हात दर वेळी जड व्हायचा. पूर्णिमा डोळ्यांपुढे यायची. काका पीत-बीत असेल, असं तेव्हा त्यांनी धरून चाललं होतं. भाषेत एक चूक नव्हती, दहापैकी दहा दिले. क्लास सुटल्यावर ती टेबलापाशी उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. "आता काय अकरा देऊ?" सर म्हणाले. ती कसंनुसं हसली आणि गेली. परत क्लासला आलीच नाही. हल्लीच्या पोरींना चिकाटी नाही, म्हणत सरांनी विषय संपवला. पण तो चेहरा काही पाठ सोडेना.

आज क्लास सुटला. जिन्यावरचा गलका थांबला. सरांनी मान वर केली. टेबलापाशी तसंच कुणीतरी उभं होतं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तीच जिवणी, तेच डोळे.

स्पृहा होती.

जिभेवर आलेला टोमणा सरांनी गिळला. खुर्ची पुढे सरकवली.

"बस, बाळ. काय झालं, सांग."

ती बसली नाही. टेबलावरची वही उचलून तिने छातीशी धरली.

"पूर्णिमा माझी ताई, सर. पण मी तिचं वाक्य चोरलं नाही. काका अजून आमच्याच घरी राहतात."