उजवा कौल

"उजवो कळो सैल लाव. डावो घट्ट," संचिता म्हणाली, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून तिने मागे वळून बघितलं.

धोंडू गुरव देवळामागच्या विहिरीवर घागर घासत होता. त्याचा हात थांबला. "गो, देवाच्या कौलात हात घालूक सांगतंस माका?"

"देवाक फसवूचा नाय रे. माझ्या बापाशीक वाचवचा आसा."

धोंडू तिचा शाळासोबती. रत्नप्रभा टॉकीजच्या बाल्कनीत फुकट बसून दोघांनी लहानपणी सिनेमे बघितलेले. टॉकीज बांधलं तिच्या आजोबांनी. पुढे चालवलं वडिलांनी, म्हणजे हरिश्चंद्रांनी. मालवणात त्यांना सगळे दाजी म्हणत. मग घरोघरी केबल आली, सीड्या आल्या, आणि टॉकीजला कुलूप लागलं. आता छप्पर गळतं, खुर्च्यांच्या कापसात उंदरांनी संसार थाटलेत. तरी दाजी रोज दुपारी जेवले की तिकडे जायचे. कुलूप काढायचे, झाडू मारायचे, आणि दिवेलागणीपर्यंत कोऱ्या पडद्यासमोर बसून राहायचे. आता काय म्हणावं या माणसाला!

आई गेल्यावर त्यांना वेंगुर्ल्याला आपल्या घरी न्यायचं म्हणून संचिताने जंग जंग पछाडलं होतं. तिचा नवरा निलेश आणि लेक जान्हवीही मनापासून बोलावत होते. पण दाजींचं एकच पालुपद, "मी इलंय तर थेटर कोण बघतलो?" एकदा ती त्यांना चहाला हाक मारायला गेली, तर ते अंधारात बसून पंच्याने डोळे पुसत होते. ती आल्या पावली मागे फिरली. त्या दिवसापासून तिने न्यायचा विषयच सोडला. हा माणूस या भिंतींच्या जिवावर जगतोय, त्या पडल्या की हाही फार दिवस राहायचा नाही, हे तिने मनाशी धरलं.

आणि या मे महिन्यात कोल्हापूरचे जाधव आले. किल्ला बघायला येणारे वाढले, त्यांना लॉजसाठी जागा हवी होती. टॉकीज पाडून. दाजींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "देवाक विचारून सांगतंय," म्हणाले.

बाजारात जो तो हसला. म्हाताऱ्याला विकायचं नाही, तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून देवाला पुढे केलं झालं. संचितालाही तेच वाटलं. पण देवाने विका म्हटलं तर? त्या धास्तीने ती सकाळची पहिली एसटी धरून आली होती.

"माका पाप लागात गो," धोंडू म्हणाला.

"लागला तर माका लागांदे."

तो घागर उचलून आत गेला.

देवळात वाडीतली माणसं जमली होती. दाजी धुतलेलं धोतर नेसून, हात जोडून समोर उभे. धोंडूने कौलाचे कळे, म्हणजे फुलांच्या पाकळ्या, पाण्यात बुडवल्या आणि रवळनाथाच्या अंगावर एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवली. उजवी पडली तर उजवा कौल, डावी पडली तर डावा. त्याने संचिताकडे बघायचं टाळलं.

मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा रवळनाथा, आज ह्या तुझा लेकरू हरिश्चंद्र तुझ्या दारात उभा आसा. तेणा थेटर राखूचा आसात तर उजवो कौल दी. विकून मोकळा होवचा आसात तर डावो दी, महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

समईची वात चरचरत होती. संचिता उजव्या पाकळीकडे बघत होती.

उजवी पाकळी ओघळली आणि खाली पडली.

माणसांत एकदम कुजबुज उठली. कोणी दाजींच्या पाठीवर हात ठेवला. जाधवांनी देवाला नमस्कार केला, "देवापुढे आपण काय बोलणार," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. दाजी तसेच उभे. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायचंही त्यांना भान नव्हतं. ते बघून संचिताचाही बांध फुटला. वडील आपल्याकडे राहायला येतील ही तिची आशा त्या पाकळीबरोबरच संपली होती. पण तिला त्याचं काही वाटलं नाही. बाप जगला, बस्स झालं. तिने मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

प्रसाद घेऊन ती घरी आली तेव्हा दाजी आधीच पोचले होते. ओटीवर त्यांची जुनी लोखंडी ट्रंक होती, सुंभाने बांधलेली. खाली बसून ते गाठ सोडत होते. गाठ घट्ट बसली होती.

"बाबा, ही ट्रंक कित्याक काढलास?"

"सकाळीच भरून ठेवलेली गो." त्यांनी सुंभ बाजूला टाकला, झाकण उघडलं. आत घडी घातलेली धोतरं, सदरे, आईचा फोटो. एकेक वस्तू ते बाहेर काढून जमिनीवर मांडू लागले. "बापाशीन मरताना माका रवळनाथाची आण घातलेली, थेटर सोडून जावचा नाय म्हणान. देवाची आण, ती देवानच सोडवची. मी आपणहून कसो विकू? जाधव इले तेव्हा माका वाटला, चला, आता तरी विचारूक निमित्त गावला."

संचिताच्या हातातला प्रसाद तसाच राहिला.

दाजींनी ट्रंकेच्या तळातून खाऊची, मालवणी खाज्याची पुडी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"ह्या जान्हवीक दी. सांग तिका, आजो येवचो होतो तुमच्याकडे रवाक, पण देवान सोडल्यान नाय."