बोक्याने फोडलेली फुलदाणी

बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून मी भट्टीत काचेचे तुकडे एकजीव करून पेंडंट बनवायला शिकले, धंदाही मांडला. पण मनासारखा निळा रंग बाजारात मिळेना. तो होता सासूबाईंच्या खोलीत, सासऱ्यांनी पहिल्या पगारात आणलेल्या काचेच्या फुलदाण्यांच्या जोडीत.

एका दुपारी त्या डोळे तपासायला गेल्या आणि मी एक फुलदाणी टॉवेलात गुंडाळून हातोडीने फोडली. संध्याकाळी म्हटलं, "आई, बोक्याने पाडली हो." त्यांनी बोक्याला चांगलंच झापलं. त्या दिवसापासून त्याला त्यांच्या खोलीचं दार बंद झालं.

प्रदर्शनात ती निळी पेंडंट हातोहात खपली. "याच रंगात अजून करा ना," जो तो म्हणायचा. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी चष्मा पुसला आणि शेवटचं पेंडंट बराच वेळ उजेडात धरून पाहिलं. माझी मान काही वर होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीजवळ टॉवेलात गुंडाळलेली दुसरी फुलदाणी होती, शेजारी हातोडी. दारात बोक्याला कडेवर घेऊन सासूबाई उभ्या.

"ही मी फोडली म्हणून सांग. या बिचाऱ्याला किती वेळा बोलणी खायला लावशील?"