वेताची खुर्ची

दुपारची गोळी घशाखाली उतरली. अकरा वर्षांत प्रथमच धाकट्या भावाने ती निमूट गिळली होती.

एरवी दुपारची गोळी म्हणजे एक सोपस्कारच असे. "आधी त्यांना बसायला दे," हा त्याचा हट्ट. मग ताईने शिलाई मशीन थांबवायचे, कोपऱ्यातली वेताची खुर्ची एका हाताने ओढून आणायची आणि समोरच्या हवेला "बसा" म्हणायचे. त्याच्या भासांना असा मान देऊ नका, असे डॉक्टरांनी कितीदा तरी बजावले होते. पण त्यावाचून त्याचे तोंड उघडत नसे.

आजही सवयीने तिने खुर्ची मांडली होती, "बसा" म्हटले होते.

"ताई, तिथे कुणी नाहीये गं," तो हसून म्हणाला. "अकरा वर्षं हवेला बसवतेयस! आपल्यातलं वेडं कोण, सांग बघू?"

तीही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. म्हणजे उद्यापासून तिला कारखान्यात मिळालेल्या नव्या कामावर जाता येणार होते, त्याला कोंडून दाराला बाहेरून कडी न घालता.

"जा तू खुशाल. माझा घोर सोड आता."

डोळे पुसत ती खुर्ची उचलायला वाकली. खुर्ची जागची हलली नाही. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. वेत नुसता करकरला, बसल्या माणसाने अंग सावरावे तसा.

"अरे, ही एवढी जड कशी झाली?"

भाऊ उठला. खुर्चीसमोरून जाताना, कुणाच्या गुडघ्यांना धक्का लागू नये म्हणून त्याने अदबीने अंग चोरले, आणि तो आत निघून गेला.